न आलेला टॅप

शिंगाडे आले की माझं डोकं फिरतं. शहापूरला नागपूर हायवेच्या कडेला बाया उकडलेल्या शिंगाड्यांच्या टोपल्या मांडून बसल्या की मी त्या बाजूने जायचंच सोडते, लागलं तर लांबून वळसा घालते. शिंगाडा म्हणजे उपवासाचं पीठ एवढंच ज्यांना माहीत आहे, त्यांच्याशी तर या विषयावर मी बोलतच नाही. आमच्याकडे तो टोपलीत येतो तेव्हा काळा, वाफाळता, दोन बाजूंना दोन काटे घेऊन येतो. दाताखाली फोडला की आत पांढराशुभ्र गर, आणि सालीचा काळा डाग बोटांवर असा बसतो की आठ दिवस साबण त्याच्यापुढे हात टेकतो. इतरांना या दिवसांत म्हणे गुलाबी थंडी जाणवते. मला एक मूठ दिसते. पुरुषाची उजवी मूठ, निळी ताडपत्री चुरगळून धरलेली. ती उघडेल म्हणून मी वाट पाहते आणि ती उघडत नाही.

त्या मुठीचा मालक यंदा, याच हंगामात, माझ्या दारात येऊन उभा राहिला. ते सांगणारच आहे. पण आधी त्या माणसाने मला काय काय शिकवलं ते सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल, बाई उगाच जुनं उकरून भांडते आहे. भांडते आहेच. पण उगाच भांडत नाही.

आमचं गाव सिहोऱ्याच्या पलीकडे. आम्ही ढिवर, म्हणजे मासेमारी करणारे. गावतलावातल्या शिंगाड्यात बाबांचा वाटा होता. दसऱ्याच्या मागेपुढे वेल भरले की बाबा डोंग्यात, म्हणजे आमच्या अरुंद लाकडी होडीत, मागे बसून तिला तोलायचे आणि मी पुढे बसून पाण्यावरचे वेल उलटवून शिंगाडे खुडायची. गार पाण्यात बोटं बधिर व्हायची, त्यामुळे काटा नखाखाली गेला हे घरी आल्यावरच कळायचं. मग उकडायचे, मग सोलायचे. टोपल्यामागून टोपल्या. माझ्या पंजात जी ताकद आली ती कुठल्या जिममधून आली नाही, सोलून सोलून आली. मायला त्याचं काडीचं कौतुक नव्हतं. "असे हात पाहून तुले कोन पसंत करन?" असं ती रोज न चुकता विचारायची. मला पसंत व्हायचंच नव्हतं. मला पोलिसात जायचं होतं.

आमच्याच गावचे धनराज सर पुण्याहून परत आले तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. तिथे ते एका मोठ्या जिमच्या दारावर वॉचमन होते. दिवसभर दार उघडायचं आणि संध्याकाळी त्याच दाराने आत जाऊन शिकायचं, असं करत त्यांनी ब्राझिलियन जिउ-जित्सू शिकून घेतलं आणि कमरेला निळा पट्टा मिळवला. पांढऱ्यानंतरचा हा पहिलाच पट्टा. निळ्याच्या वर आणखी बरेच पट्टे असतात हे आमच्याकडे कुणाला ठाऊक नव्हतं, आणि सरांनीही ते सांगायची घाई केली नाही.

राईस मिलचं एक गोदाम नवं धान येईपर्यंत रिकामं पडून असायचं. सरांनी ते मागून घेतलं. खाली हातभर तणीस, म्हणजे धानाचा पेंढा अंथरला, वर ताडपत्री ताणली, झाली मॅट. जाड ड्रिलच्या कापडाचे तीन कोट तुमसरच्या शिंप्याकडून शिवून आणले, कॉलरमध्ये सुतळी भरून, म्हणजे धरायला पकड मिळावी. पोरी नऊ आणि कोट तीन. पेंढ्याची कुसं ताडपत्रीच्या भोकांतून वर यायची आणि आमच्या माना सोलवटून निघायच्या. गावाने या प्रकाराला दोनच दिवसांत 'लोळणकुस्ती' असं नाव ठेवलं.

आम्हाला वाटलं होतं, आता लाथा शिकवणार, बुक्क्या शिकवणार. सरांनी पहिल्या दिवशी सगळ्यांना पाठीवर निजवलं. "पडून राहा. उभ्या मानसाले सगळंच येते. खाली पडलेल्याले काय येते, ते शिकाचं आहे आपल्याले." पंधरा दिवस आम्ही दुसरं काही केलं नाही. एकीने छातीवर बसायचं, दुसरीने खाली पडून श्वास घ्यायचा. ढकलायचं नाही, रडायचं नाही, वरचीचं वजन अंगावर घेऊन शांत राहायचं. हे शिकवणं चांगलं होतं. मला ते कबूल करताना त्रास होतो, पण चांगलं होतं. छातीवर कुणी बसलं तरी जीव जात नाही, हे कळायला मला पंधरा दिवस लागले, आणि माझ्या मायला ते आयुष्यभरात कुणी सांगितलं नव्हतं.

मग कुशीवर वळून कंबर मागे सरकवत निसटायचं शिकवलं. त्या हालचालीला सर 'झिंगा' म्हणायचे. मी म्हटलं, "सर, झिंगा असा नाही सरकत. तो शेपटी आपटून उलटा उडते."

"तू मले झिंगे शिकवून राहिली का?" सर म्हणाले. पोरी खिदळल्या. झिंगे मी खरोखरच शिकवू शकले असते.

याच माणसाने आणखी एक गोष्ट केली होती, तीही सांगून टाकते. पहिल्याच आठवड्यात एका पोरीने नाक मुरडून म्हटलं, "सर, इच्या अंगाले मासोळीचा वास येते, मी नाही धरत इले." सरांनी तिला महिनाभर माझीच जोडीदार करून टाकली. वर म्हणाले, "नाक दाबलं त श्वास कसा घेशील? घे, पोटभर घे." त्या दिवशी मी या माणसासाठी आगीत उडी मारली असती. म्हणूनच तर पुढचं मला पचत नाही. वाईट माणसाने वाईट केलं असतं तर मी केव्हाच विसरले असते.

आणि टॅप. सरांचं सगळं शिकवणं टॅपवर उभं होतं. गळा आवळला गेला, हात पिरगळला गेला, आता सुटका नाही असं वाटलं, की तळहाताने दोनदा थोपटायचं. वरचीने त्याच क्षणी सोडायचं. "टॅप कराले लाजाचं नाही," सर म्हणायचे. "जो टॅप करते तो उद्या परत येते. जो नाही करत तो दवाखान्यात जाते." दिवसात पहिल्यांदा टॅप करणाऱ्या पोरीसाठी ते सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावायचे. जिंकणारीने मग हरलेलीची विस्कटलेली कॉलर आपल्या हाताने सरळ करायची, हाही त्यांचाच नियम. माझ्या बोटांचे काळे डाग तिन्ही कोटांच्या कॉलरींवर होते. सरांनी त्यावरून कधी बोल लावला नाही.

टॅपचे आणखी दोन नियम होते. एक असा की टॅप आल्याशिवाय सोडायचं नाही. "तुमी दया करून सोडाल, त खालची टॅप कराले कधीच शिकणार नाही." आणि दुसरा, एखादीचे हात अडकले असतील तर शेजारी उभी असेल तिने तिच्यासाठी टॅप करायचा. "पाहत उभं राहाचं नाही," सर बजावून सांगायचे. हे दोन्ही नियम लक्षात ठेवा.

दिवाळी झाली आणि मिलमालकाला गोदाम हवं झालं. धान यायला लागलं होतं. आम्ही आपली ताडपत्री उचलून गावाबाहेरच्या खळ्याच्या कडेला नेली. चोहीकडे कापलेल्या धानाची रचलेली पुंजणी, ताजी पिवळी तणीस हवी तितकी, आणि वीस पावलांवर थ्रेशर. तो सुरू झाला की शेजारच्याचं बोलणं ऐकू यायचं नाही. भुसा नाकात, डोळ्यांत, दातांत. गोदामात आम्ही ताडपत्रीवर हात आपटून टॅप करायचो, तो आवाज इथे कुठला ऐकू येणार? म्हणून सरांनी बदल केला. टॅप आता समोरच्याच्या अंगावर करायचा, म्हणजे ऐकू आला नाही तरी लागेल.

नागपूरला स्पर्धा होती आणि सर दोघींना नेणार होते. एक मी, दुसरी प्रज्ञा. प्रज्ञा माझी मैत्रीण. तिचे वडील वरठीच्या कारखान्यात कामाला, आठवड्याने घरी यायचे. त्यांच्या ओसरीत बुद्धाच्या फोटोखाली बसून आम्ही दोघींनी नागपूरला कोणता ड्रेस घालायचा इथपासून पोलिसात भरती झाल्यावर एकाच ठाण्यात कसं राहायचं इथपर्यंत सगळं ठरवून टाकलं होतं. मी तोवर आमच्या तालुक्याबाहेर मोजून तीनदा गेले होते.

निघायच्या आठ दिवस आधी सरांनी आमची परीक्षा घेतली. ते स्वतः खाली पडले. "बस छातीवर. काय येते ते दाखव." मी त्या दिवशी पहाटेपासून शिंगाडे सोलून आले होते. दोन्ही हात आडवे घालून सरांच्या कॉलरी धरल्या आणि कोपरं खाली ओढली. नेहमी सर मनगट पकडून पकड सहज सोडवायचे. त्या दिवशी माझी बोटं निघेनात. आधी ते हसले. मग हसायचे थांबले. चेहरा लाल झाला, कानशिलावरची शीर फुगली. मी टॅपची वाट पाहत होते. त्यांचा डावा हात माझ्या मनगटावर होता, आणि उजवा ताडपत्रीवर. त्या हाताची मूठ झाली होती आणि मुठीत ताडपत्री. थ्रेशर चालूच होता. प्रज्ञा हातभर अंतरावर उभी होती आणि त्या मुठीकडेच पाहत होती.

टॅप आला नाही. सर निजल्यासारखे झाले, मान कलंडली, डोळे अर्धे उघडे. मी पकड सोडून ओरडले. कुणीतरी त्यांचे पाय वर धरले. थोड्या वेळाने ते शुद्धीवर आले, उठून बसले, भोवती नऊ पोरी आणि थ्रेशर सोडून धावत आलेले पाच-सहा बाप्ये पाहिले. आणि बोलले.

"टॅप केला होता मी. दोनदा केला, ताडपत्रीवर. इनं पाहून बी सोडलं नाही."

जिउ-जित्सूत माणसाला पुष्कळ नावं ठेवता येतात. आळशी, भित्री, आडमुठी. पण टॅपवर न सोडणारी, हे सगळ्यांत वाईट. तिच्याबरोबर कुणी खेळत नाही. खेळूच नये. मी प्रज्ञाकडे पाहिलं. ती खाली वाकून पायाला चिकटलेला भुसा झटकत होती. नंतर तळ्याच्या पाळीवर तिला गाठून विचारलं तर म्हणाली, "मी पाह्यलंच नाही ना ग. काहून मले मधात ओढतेस?" ती नागपूरला गेली. तिथला तिचा फोटो गावात सगळ्यांच्या मोबाईलवर फिरला. अंगात त्या तीन कोटांतला एक, आणि कॉलरवर माझ्या बोटांचे काळे डाग. तेवढी मीही नागपूरला जाऊन आले म्हणायची.

मी त्यानंतर खळ्यावर गेले नाही. मला कुणी बोलावलंही नाही. पोलिस भरतीचा अर्ज मी भरला नाही, ती माझी चूक, ती सरांच्या माथी मारत नाही. पण बाकी सगळं मारते. पोटच्या पोरीसारखं शिकवलेल्या मुलीपुढे दोनदा हात थोपटायची ज्याला लाज वाटली, आणि त्या लाजेपायी ज्याने तिचं नाव घालवलं, त्या माणसाने आम्हाला लाजू नका म्हणून शिकवावं! बारा वर्षं मी हे वाक्य मनातल्या मनात घोटते आहे.

एक गोष्ट मात्र मी त्या बारा वर्षांत कुणाला सांगितली नव्हती. पुढे शहापूरला एका शाळेत खेळाची बाई म्हणून लागले, तेव्हा दर रविवारी नागपूरला जाऊन पुन्हा पांढऱ्या पट्ट्यापासून शिकायला सुरुवात केली. पहिल्याच दिवशी तिथल्या बाईंनी सांगितलं, खालच्याचं अंग ढिलं पडलं की टॅपची वाट बघायची नाही, तिथेच सोडायचं, ती जबाबदारी वरच्याची. सरांचं अंग ढिलं पडलं होतं ते मला कळलं होतं. माझ्या मांड्यांखाली कळलं होतं. आणि मी सोडलं नव्हतं. एक श्वास, फार तर दीड. नियम होता ना, टॅप आल्याशिवाय सोडायचं नाही. पण मी नियमासाठी धरून नव्हते. मला तो टॅप हवा होता. सर खोटं बोलले, हे खरंच आहे. पण मी अगदी धुतल्या तांदळासारखी आहे असंही नाही. यामुळे माझा राग कमी झाला असेल असं वाटत असेल तर चूक आहे, तो उलट वाढला.

आता शहापूरला माझा स्वतःचा वर्ग आहे. संध्याकाळी पाच वाजता, एका मंगल कार्यालयाच्या मागच्या हॉलमध्ये, खऱ्या रबरी मॅटवर. माझा एक नियम आहे आणि तो मी कुणासाठी मोडत नाही. पोर दाखल व्हायच्या आधी पालकाने मॅटवर पडायचं. मी त्याचा गळा आवळणार आणि त्याने पोरासमोर टॅप करायचा. एका मावशींनी पदर खोचला, पडल्या, आणि मी कॉलरला, म्हणजे पोलक्याच्या गळ्याला, हात लावायच्या आधीच चार वेळा टॅप केला. एक ट्रकवाला बाप जांभळा होईस्तोवर थांबला, मग टॅप करून खदखदून हसत सुटला. एक गुरुजी म्हणाले, असा नियम कुठे लिहिलाय ते दाखवा. त्यांना मी दार दाखवलं. हरायला लाज वाटू नये हे पोरांना शिकवायचं तर ते मोठ्यांनी आधी करून दाखवावं. हा नियम मला सुचला तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर एकच पालक होता.

यंदा तो आला. मंगळवारी, बाहेर हायवेला शिंगाड्यांच्या टोपल्या लागलेल्या असताना. केस पांढरे, पोट सुटलेलं, बरोबर नऊ-दहा वर्षांची मुलगी. आत येऊन ते मॅटच्या बाहेर चपला काढून उभे राहिले.

"इचं नाव आरोही. तुझ्यापाशीच टाकाची आहे." मग तिला पुढे करत, "गावात आता वर्ग नाही ना."

"पालकाचा नियम माहीत आहे का, सर?"

"आयकला मी."

ते पडले. मॅटवर नऊ पोरी नव्हत्या, सतरा होत्या, आणि दारात चार-पाच आया. मी त्यांच्या छातीवर बसले. शर्टाची कॉलर जाड होती. दोन्ही हात आडवे घातले. माझी बोटं आता शिंगाडे सोलत नाहीत, पण ती विसरलीही नाहीत. हळूच आवळलं, जसं सगळ्यांना आवळते तसं. आणि वाट पाहिली.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग उजव्या हाताकडे माझं लक्ष गेलं. मॅट रबराची होती, चुरगळून धरण्यासारखं तिथे काही नव्हतं, तरी त्या हाताची मूठ होत गेली. तीच. चेहरा लाल झाला. कानशिलावरची शीर. म्हातारा पुन्हा तेच करणार होता. लेकीसमोर. मी जरा सैल करू शकले असते. केलं नाही. अंग ढिलं पडायच्या आत मी सोडणार होते का? हो, सोडणारच होते, असं लिहायला हवं. पण खरं सांगते, मला माहीत नाही.

माझ्या पाठीवर चापटी बसली. दोनदा. लहान हात, पण मार जोराचा. आरोही माझ्या मागे गुडघ्यांवर बसली होती.

मी सोडलं. सर खोकत कुशीवर वळले, डोळ्यांत पाणी.

"तुला कुणी सांगितलं असं करायला?" मी विचारलं.

"बाबांनीच त शिकवलं," ती म्हणाली. "ज्याले टॅप करता येत नाही त्याच्यासाठी बाजूच्यानं कराचा. पाहत उभं राहाचं नाही."

सरांनी आमच्या दोघींकडेही पाहिलं नाही. मी वाकून त्यांची कॉलर सरळ केली. हात आपोआपच गेले, मला ते थांबवता आले नाहीत. मग वही घेतली आणि आरोहीचं नाव लिहिलं. शेजारी पालकाने टॅप केल्याची खूण करायचा रकाना असतो. तो मी कोरा ठेवला.

"उद्या पाचला ये," मी तिला म्हटलं. "आणि बाबांनाही आण. त्यांचं राहिलं आहे."